नारळ फोडून स्वागत, निविदा काढून निरोप

नवी गाडी रुळांवर येते तेव्हा तिच्यापुढे नारळ फुटतो, तिला झेंडूचे हार चढतात, मंत्रिमहोदय हिरवा झेंडा दाखवितात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तिचे छायाचित्र झळकते. तीच गाडी पंचवीस-तीस वर्षे माणसे वाहून थकते, तेव्हा मात्र तिचा निरोप एका टिपणीत उरकला जातो. कारशेडच्या कोपऱ्यातील एखाद्या रुळावर ती काही महिने ऊनपाऊस खात उभी राहते. लिलावाच्या यादीत वजनासह तिची नोंद होते आणि एके दिवशी गॅसकटर घेतलेली माणसे येतात. जिच्यात एका पिढीचे तारुण्य उभ्याने गेले, ती गाडी कोठे गेली हे त्या पिढीला कळतही नाही.

गाडी निवृत्त करू नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. उपनगरी गाडीचे किंवा मेट्रोचे आयुष्य लांब पल्ल्याच्या डब्यापेक्षा कितीतरी खडतर असते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबायचे, पुन्हा वेग घ्यायचा, क्षमतेच्या दुपटीहून अधिक भार अंगावर घ्यायचा, आणि हे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. पोलादी सांगाड्याला यातून येणारा शीण डोळ्यांना दिसत नाही. तो दिसू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. मुंबईत त्याच्या जोडीला खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. २६ जुलै २००५ च्या महापुरात रुळांवर अडकून पडलेल्या गाड्यांच्या मोटारी पाण्याखाली गेल्या, तेव्हा या यंत्रांना काय सोसावे लागते याची कल्पना साऱ्या शहराला आली. रेल्वेच्या हिशेबात अशा डब्याचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरलेले आहे, ते अनुभवाने. वादाचे कारण निवृत्तीत नाही. निवृत्तीनंतर त्या गाडीचे काय करायचे, हे आपण कधी ठरवतच नाही, ही खरी तक्रार आहे.

मुंबईचेच उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याकडे भारतातील पहिली विजेची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दीड हजार व्होल्टच्या डीसी प्रवाहावर ती चालत असे आणि तिचे डबे इंग्लंड व जर्मनीतील कारखान्यांतून आलेले होते. पुढे स्वातंत्र्यानंतर कोलकात्याची जेसॉप आणि पेरांबूरचा इंटिग्रल कोच कारखाना यांनी हे डबे देशातच घडविण्यास प्रारंभ केला आणि पाहता पाहता मुंबईची सारी लोकल स्वदेशी झाली. या यशाची नोंद आपल्याकडे जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. मुंबईच्या लोकलइतका निष्ठुर कसोटीचा दगड डबा बनविणाऱ्याला जगात अन्यत्र क्वचितच मिळेल, आणि आपल्या अभियंत्यांचे व कामगारांचे डबे त्या कसोटीला दशकानुदशके उतरले.

त्या डब्यांत केवळ प्रवासी नव्हते, एक समाज नांदत होता. सकाळच्या ठराविक गाडीचा ठराविक डबा, त्यातील भजनी मंडळाचे टाळ, चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून बसण्याचा अलिखित करार, महिलांच्या डब्यात संक्रांतीनंतर रंगणारे हळदीकुंकू. खंडेनवमी-दसऱ्याला तर आपापला डबा आंब्याच्या पानांनी आणि झेंडूंनी सजवून त्याची पूजा करण्याची रीत मुंबईकरांनी कोणाच्याही आदेशावाचून पाडली. कारागिराने अवजाराची, सैनिकाने शस्त्राची पूजा करावी, तशी चाकरमान्याने आपल्या गाडीची केली. ज्या साधनाने आपले पोट चालते त्याच्याविषयी कृतज्ञ राहावे, हा संस्कार इतक्या सहजपणे जेथे प्रकट होतो, तेथेच ते साधन थकल्यावर त्याच्याकडे पाहायला कोणी नसावे, हे विचित्र नव्हे काय?

डीसी प्रवाहाच्या जागी पंचवीस हजार व्होल्टचा एसी प्रवाह आणण्याचे काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये पूर्ण झाले. ते आवश्यकच होते. बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्या, अधिक वेग, ब्रेक लावताना वीज परत तारेत पाठविण्याची सोय, हे सारे त्याशिवाय नीट साधले नसते. शेवटी हार्बर मार्ग उरला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे शेवटची डीसी लोकल निघाली. पहिली गाडी ज्या मार्गाने कुर्ल्याला गेली होती, त्याच मार्गाने शेवटची कुर्ल्याहून परतली. एक्याण्णव वर्षांचे एक वर्तुळ पूर्ण झाले. फुले वाहिली गेली, छायाचित्रे निघाली, हौशी मंडळींनी गर्दी केली. ज्या गाड्यांना दोन्ही प्रवाहांवर चालण्याची सोय होती त्या पुढेही धावल्या. बाकीच्यांची रवानगी भंगारात. लोकलला वाहिलेले एक स्वतंत्र, मोठे संग्रहालय या महानगरात आजही नाही. २०२५ मध्ये विद्युतीकरणाची शताब्दी साजरी झाली, भाषणे झाली. पण बाकडी, पंखे, दांड्यांच्या खिडक्या आणि मोटरमनची पितळी मूठ यांच्यासह उभा असलेला डीसी लोकलचा जुना डबा नातवाला हात लावून दाखवावा, अशी जागा आजोबाने शोधायची कोठे?

कोलकात्याची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे, कारण ती देशातील पहिल्या मेट्रोची आहे. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या साडेतीन किलोमीटरांहूनही आखूड मार्गावर ही भुयारी गाडी सुरू झाली. त्यावेळी तंत्रज्ञान उचलून आणून देणारे परदेशी सल्लागार पावलोपावली नव्हते, पैसा तर नव्हताच. डबे पेरांबूरला बनले आणि त्यांची विद्युत यंत्रणा बंगळुरूच्या एनजीईएफ या सरकारी कंपनीने पुरविली. ब्रॉडगेज रूळ आणि शेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा डीसी प्रवाह, अशी ही रचना होती. भुयारात चालायच्या गाडीचा अनुभव देशात कोणाच्याही गाठीशी नसताना या मंडळींनी ती घडविली आणि ती चालली. वातानुकूलन नव्हते, पंखे आणि भुयारातील हवा यांवर भागत होते; बंगालच्या उन्हाळ्यात प्रवाशांनी ते सोसले. २०१० पासून वातानुकूलित गाड्या येऊ लागल्या आणि जुन्यांचे दिवस भरत आले. एनजीईएफ दरम्यान बंद पडली होती. ज्या कंपनीने मोटारी बनविल्या तीच उरली नाही, तर सुटे भाग कोण देणार? एका गाडीचे अवयव काढून दुसरी चालवावी, अशा युक्त्यांवर जुनी गाडी फार काळ जगत नाही.

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी, बरोबर सदतिसाव्या वर्धापनदिनी, या पिढीची शेवटची बिगरवातानुकूलित गाडी धावली. निवृत्तीसाठी हा दिवस निवडण्याची कल्पकता ज्याने दाखविली त्याचे कौतुकच करायला हवे. मात्र कोलकात्याबाहेर देशात कोठेही ब्रॉडगेज आणि तिसरा रूळ यांची जोडी नाही. त्यामुळे या गाड्यांना दुसऱ्या शहरात दुसरा जन्म मिळण्याची वाट रचनेनेच बंद केली होती. त्याच मार्गिकेसाठी पुढे चीनमधील दालियनच्या कारखान्याकडून गाड्या मागविण्यात आल्या. त्यातील पहिली २०१९ मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरली आणि २०२३ मध्ये सेवेत दाखल झाली. पहिली मेट्रो गाडी स्वतःच्या हातांनी बनविणाऱ्या देशाने चार दशकांनंतर त्याच भुयारासाठी चीनच्या दारात जावे, यावर वेगळा लेख होईल. येथे एवढेच नोंदविणे पुरे की, जुन्या गाडीचे आराखडे, तिच्या अडचणी आणि त्यांवर काढलेले उपाय हे राष्ट्राचे संचित असते. गाडी कापली जाते तेव्हा ते संचितही बहुधा तिच्याबरोबर जाते. ते कोणी लिहून ठेवलेले नसते. कारशेडमधील एखाद्या मिस्त्रीच्या डोक्यात असते आणि तोही त्याच सुमारास निवृत्त झालेला असतो.

वाचकांना विक्रांतचे स्मरण असेल. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजविलेली ही विमानवाहू नौका निवृत्तीनंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांच्या सहली तेथे जात. अखेर २०१४ मध्ये ती लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली आणि दारूखान्यात तिचे तुकडे झाले. जेथे विक्रांत वाचली नाही तेथे लोकलच्या डब्याची काय कथा, असे कोणी म्हणेल. परंतु विक्रांत सांभाळण्यास डोंगराएवढा खर्च होता. डबा तर वीस-बावीस मीटरांचा. एखाद्या स्थानकाच्या आवारात, छपराखाली तो मावतो.

जगातील इतर शहरांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे, आणि त्यांनी सारेच बरोबर केले असेही नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने आपले जुने लाल डबे, ज्यांना तेथील लोक ‘रेडबर्ड’ म्हणत, २००१ पासून अटलांटिक महासागरात बुडविण्यास प्रारंभ केला. चाके, खिडक्या, दरवाजे काढून, तेल-वंगण धुऊन डबे तराफ्यावर चढवीत आणि खोल पाण्यात ढकलून देत. तळाशी त्यांच्या आडोशाने शिंपले वाढावेत, मासे यावेत, ही योजना. डेलावेअर राज्याच्या किनाऱ्यापुढील अशा एका जागेला तर रेडबर्डचेच नाव मिळाले. २०१० पर्यंत अडीच हजारांहून अधिक डब्यांना अशी जलसमाधी मिळाली. यामागील हिशेब मात्र निव्वळ मत्स्यप्रेमाचा नव्हता. जुन्या डब्यांच्या भिंतींत आणि जमिनीत अ‍ॅस्बेस्टॉस होते. ते काढून डबा भंगारात देणे महाग पडत होते, आणि पाण्याखाली त्याचे तंतू हवेत उडत नाहीत, म्हणून ते धोक्याचे नाही, असा युक्तिवाद झाला. कित्येकांना तो पटला नाही. पुढे पातळ पन्हळी पत्र्याचे स्टेनलेस स्टीलचे डबे बुडविले, तर ते काही महिन्यांतच कोसळू लागले आणि न्यू जर्सीने हात आखडता घेतला. साध्या पोलादाचा डबा टिकला आणि ‘न गंजणारा’ टिकला नाही, हा धडा त्या प्रशासनाला समुद्राने दिला. तरीही एक गोष्ट त्यांनी नेमकी केली. ब्रुकलिनमधील एका वापरातून गेलेल्या भुयारी स्थानकात १९७६ पासून त्यांचे संग्रहालय आहे आणि तेथे जुने डबे रुळांवर उभे आहेत. अडीच हजार बुडविले, पण वानगीदाखल राखले.

लंडनचे उदाहरण काटकसरीचे आहे. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावरील रेल्वेच्या बोगद्यात उंची कमी. साधी गाडी त्यातून जातच नाही. म्हणून तेथे लंडनच्या भुयारातील ठेंगणे डबे नेण्याची परंपरा पडली. १९३८ साली बनलेल्या गाड्या लंडनमध्ये पन्नास वर्षे धावल्या, १९८९ पासून बेटावर गेल्या आणि जानेवारी २०२१ पर्यंत चालल्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची गाडी करोनाच्या काळात प्रवासी वाहत होती! त्यांच्या जागी जे डबे आले तेही नवे नव्हेत. लंडनच्या डिस्ट्रिक्ट मार्गिकेवरून २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांना नवे चलनयंत्र बसवून ते तयार केले होते. त्याच जातीच्या एका गाडीने, बॅटरी बसवून, ऑगस्ट २०२५ मध्ये एका भारणात दोनशे मैलांहून अधिक अंतर कापले. हा उद्योग उभारणारी कंपनी मध्यंतरी दिवाळखोरीत गेली, हेही सांगितले पाहिजे. जुन्याला नवे करणे हा हमखास नफ्याचा धंदा नाही.

टोकियोच्या मारुनोउची मार्गिकेच्या लाल गाड्या १९९० च्या दशकात अर्जेंटिनाच्या ब्यूनस आयर्सला विकल्या गेल्या आणि तेथील भुयारात पुन्हा अनेक वर्षे धावल्या. आणि मग जपानी माणसाने जपानी माणसासारखी गोष्ट केली. त्यांतील चार डबे त्याने २०१६ मध्ये सातासमुद्रापलीकडून परत घरी आणले, जुन्या रूपात दुरुस्त केले आणि ते करता करता तरुण अभियंत्यांना जुन्या तंत्राची ओळख करून दिली. भावना आणि प्रशिक्षण यांची सांगड कशी घालावी, हे या देशाकडून शिकावे. त्याच ब्यूनस आयर्सने माद्रिदचेही जुने डबे घेतले होते. त्यांच्या भागांत अ‍ॅस्बेस्टॉस असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि कामगारांत खळबळ माजली. विकणाऱ्याने डब्यात काय आहे ते कागदावर लिहून दिले नाही, तर घेणाऱ्याची पुढची पिढी त्याची किंमत मोजते.

आता आपल्याकडे पाहू. दिल्ली मेट्रोची पहिली गाडी २४ डिसेंबर २००२ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत देशातील मेट्रोमार्गांची लांबी हजार किलोमीटरांपलीकडे गेली. नागपूरला २०१९ मध्ये मेट्रो आली, पुण्याला २०२२ मध्ये, मुंबईत एकामागून एक मार्गिका उघडत आहेत. पुण्याचे डबे अ‍ॅल्युमिनियमचे, नागपूरचे चीनहून आलेले, मुंबईच्या काही मार्गिकांचे बंगळुरूच्या बीईएमएलचे. प्रत्येक शहराची कंपनी निराळी, खरेदी निराळी, बनावट निराळी. हे हजारो डबे आज चकचकीत आहेत. पण मेट्रोचा डबा साधारण तीस वर्षांचा धरून बनवितात. ज्या गतीने ते आले त्याच गतीने ते थकणार आणि थोड्याफार अंतराने सारेच एकदम दारात येऊन उभे राहणार.

तेव्हा नव्या गाडीच्या खरेदीच्या करारातच तिच्या अखेरची कलमे असली पाहिजेत. डब्यात कोणकोणती द्रव्ये वापरली, कोणता भाग कसा सुटा करायचा, कोणता धातू किती, हे बनविणाऱ्याने सोपविताना लिहून द्यावे. संपूर्ण आराखडे आणि संगणक आज्ञावलीवरील अधिकार देशात राहावेत, म्हणजे कंपनी बुडाली म्हणून गाडी बुडणार नाही. घर घेताना आपण सात-बारा तपासतो. कोट्यवधींचा डबा घेताना एवढे तरी पाहावे. सांगाडा शाबूत असेल तर मधल्या वयात नूतनीकरण करून आयुष्य वाढवावे. दिल्लीने आपल्या पहिल्या पिढीच्या गाड्यांबाबत हे काम हाती घेतले आहे आणि ते स्वागतार्ह आहे. निवृत्त डबे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना, अग्निशमन दलांना, आपत्ती निवारणाच्या सरावासाठी द्यावेत. धूर भरलेल्या डब्यातून माणसे कशी काढायची, हे फळ्यावर शिकविता येत नाही. उरलेले खुशाल भंगारात जावेत. भारतीय रेल्वेने २०२१-२२ मध्ये भंगार विकून पाच हजार कोटी रुपयांहून अधिक मिळविले. हा जनतेचाच पैसा आहे आणि तो सोडावा असे कोणी सुचविणार नाही. पोलाद वितळते, त्याचे पुन्हा पोलाद होते, यात कमीपणा कसला?

मात्र प्रत्येक पिढीची निदान एक गाडी, निदान तिचा मोटरमनचा डबा, पूर्ण यंत्रासह राखला गेला पाहिजे. हॉटेल करून टेबले मांडलेला नव्हे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर जुन्या डब्यात उपाहारगृह थाटले गेले, लोकांना ते आवडले, उत्पन्नही झाले. पण आतील बाकडी काढून वातानुकूलित खोली केली की, उरतो तो केवळ डब्याच्या आकाराचा डबा. विद्यार्थ्याला बोगीखाली वाकून मोटार पाहता आली पाहिजे, मूठ फिरविली की काय होते ते कळले पाहिजे. आणि हे काम पुराणवस्तू म्हणून पुरातत्त्व खात्यावर ढकलून होणार नाही. ते त्याच कारशेडच्या माणसांना, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत, सन्मानाने सोपवावे. निवृत्त होणारा मिस्त्री निवृत्त होणाऱ्या गाडीची माहिती लिहून ठेवील; त्याला एक टंकलेखक द्या, एवढाच खर्च.

दिल्लीच्या पहिल्या गाडीला २०३२ च्या डिसेंबरात तीस वर्षे पूर्ण होतील. नूतनीकरणाने त्यात काही वर्षांची भर पडेल. ज्या डब्यांतून वाजपेयींनी आणि त्यांच्यामागोमाग दिल्लीकरांनी तो पहिला प्रवास केला, त्यांचे क्रमांक कार्यालयाच्या नोंदीत आजही सापडतील. त्यांतील एकावर ‘विकू नये’ अशी पाटी आजच लावता येईल.